उदयपूरचा लेक पॅलेस: बेळगाव-निपाणी-खानापूरकडून सारखे विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी जवळ आली किंवा कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार असली, की उदयपूरच्या तळ्यातल्या त्या पांढऱ्या हॉटेलबद्दल मेसेज यायला लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अगदी हुक्केरी-संकेश्वरहून पण येतात. बरेच प्रश्न तेच तेच असतात म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवलीत. मी ट्रॅव्हल एजंट नाही, कुणाकडून कमिशन घेत नाही. हा महाल मला मनापासून आवडतो आणि आपल्या भागातली माणसं तिथं जाऊन फसू नयेत एवढंच वाटतं. रेट, गाड्यांच्या वेळा, तिकिटं बदलत राहतात, त्यामुळं ते आकडे निघायच्या आधी एकदा स्वतः बघून घ्या.

१. ताई, लेक पॅलेस म्हणजे नक्की कुठला? ताज, उदयविलास, लीला, जग मंदिर, सगळं एकच का वेगळं?

वेगळं, आणि इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. पिछोला तलावाच्या मधोमध, चारी बाजूंनी पाणी असलेला पांढरा महाल म्हणजे जग निवास. तोच आजचा ताज लेक पॅलेस. त्याच तलावात दक्षिणेकडं दुसरं एक बेट आहे ते जग मंदिर, ते जग निवासपेक्षा जुनं आहे आणि तिथं तिकीट काढून कुणालाही जाता येतं. ओबेरॉयचं उदयविलास आणि लीला पॅलेस ही दोन्ही तलावाच्या काठावरची हॉटेलं, दिसतात राजवाड्यासारखी पण बांधलीत २००० नंतर. अजून एक, ताजचीच उदयपुरात दुसरी हॉटेलं पण आहेत, फतेह प्रकाश पॅलेस हे सिटी पॅलेसच्या, म्हणजे मेवाडच्या राण्यांच्या मोठ्या राजवाड्याच्या, आवारात काठावर आहे आणि ताज अरवली शहराबाहेर डोंगराकडं. बुकिंग करताना नुसतं ताज उदयपूर टाकून स्वस्त दिसतंय म्हणून पैसे भरू नका, नाव पूर्ण वाचा.

२. हा महाल बांधला कुणी आणि त्याचं हॉटेल कधी झालं?

मेवाडचे महाराणा जगतसिंह दुसरे यांनी. काम १७४३ ला सुरू झालं आणि १७४६ ला पूर्ण झालं. बोटवाले एक गोष्ट हमखास सांगतात, की तरुणपणी जगतसिंहाला जग मंदिरावर चांदण्यात मैफिली करायच्या होत्या, वडिलांनी म्हणजे संग्रामसिंहांनी नाही म्हटलं, तर त्यांनी स्वतःचाच महाल बांधला. गोष्ट छान आहे, पण वडील १७३४ लाच वारले होते, म्हणजे काम सुरू झालं ते नऊ वर्षांनी. त्यामुळं गोष्ट म्हणूनच ऐकावी.

साधारण चार एकराचं खडकाळ बेट आहे आणि इमारत पायापासून कडेपर्यंत पूर्ण बेटभर पसरलेली, म्हणून लांबून बघताना जमीन दिसतच नाही, थेट पाण्यातनं भिंत वर आल्यासारखी वाटते. महालाचं तोंड पूर्वेला आहे, कारण मेवाडचे राणे सूर्यवंशी, सकाळी उठून सूर्याला नमस्कार करायचा. नंतर एकोणिसाव्या शतकात त्याची पार पडझड झाली. महाराणा भगवतसिंहांनी ठरवलं की याचं हॉटेल करायचं, डिझाइनचं काम दीदी काँट्रॅक्टर या अमेरिकेहून आलेल्या कलाकार बाईंनी बघितलं. पुढं त्याच बाई हिमाचलात कांगड्याला मातीची घरं बांधणाऱ्या म्हणून नावारूपाला आल्या आणि त्यांना नारीशक्ती पुरस्कार पण मिळाला. हॉटेल १९६३ ला सुरू झालं, १९७१ पासून ताज चालवतंय. आज ८३ खोल्या आहेत.

जेम्स बाँडच्या सिनेमाचं शूटिंग झालं ते हेच का, असंही बरेचजण विचारतात. होय, १९८३ चा सिनेमा.

३. आपल्या मराठ्यांचा उदयपूरशी काही संबंध आहे का?

आहे, आणि मला हा प्रश्न कुणी विचारला की बरं वाटतं. ज्या जगतसिंहांनी हा महाल बांधला, त्यांच्याच अध्यक्षतेखाली १७३४ ला मेवाडातल्या हुरडा या गावी राजपूत राजांची बैठक झाली होती, विषय एकच, मराठ्यांना अडवायचं कसं. ती एकी टिकली नाही. १७३६ च्या सुरुवातीला बाजीराव पेशवे स्वतः उदयपूरला गेले, याच जगतसिंहांनी त्यांचं मानानं स्वागत केलं आणि मराठ्यांना चौथाई द्यायचं कबूल केलं. तेव्हा तळ्यात जग मंदिर होतं, जग निवास अजून उभा नव्हता. म्हणजे बाजीरावांनी हा तलाव बघितला पण आपण बघतो तो महाल नाही.

दुसरा धागा शिवाजी महाराजांचा. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी भोसल्यांची वंशावळ चित्तोडच्या सिसोदियांशी जोडून दाखवली गेली. त्यावर इतिहासकारांत एकमत नाही, पण आपल्याकडची माणसं सिटी पॅलेसमध्ये गेली की हे आठवतंच. एक मात्र सांगते, पुढच्या काळात मराठा सरदारांच्या खंडणीनं मेवाड बराच पिळला गेला, तिथल्या गाइडच्या तोंडून मराठ्यांबद्दल सगळं गोडच ऐकायला मिळेल असं नाही. वाद घालत बसू नका. त्यांचीही बाजू आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे.

४. मुक्काम करायचा नाही, नुसता आत जाऊन चहा पिऊन यायचंय. जमतंय का?

सहसा नाही. हॉटेलला जायचा रस्ता म्हणजे बोट, ती बोट हॉटेलचीच, आणि जेट्टीवर तुमचं नाव यादीत आहे का बघूनच आत सोडतात. बाहेरच्या लोकांना जेवणासाठी आधी रिझर्व्हेशन करून कधी कधी घेतात, पण हॉटेल भरलेलं असलं की फक्त राहणाऱ्या पाहुण्यांनाच. सीझनला ते भरलेलंच असतंय. म्हणून उदयपूरला पोचून मग बघू असं करू नका, आठ-पंधरा दिवस आधी हॉटेलला थेट फोन करा, बाहेरचे लोक घेताय का, कुठल्या वेळेला, माणशी कमीत कमी किती खर्च, आगाऊ किती भरायचे, हे सगळं विचारा आणि ईमेलवर लेखी घ्या. नाही म्हणाले तर ते नाहीच, तिथं जाऊन गयावया करून काही होत नाही.

५. घाटावर एकजण म्हणाला पाचशे रुपये जास्त द्या, लेक पॅलेसच्या आत फिरवून आणतो. द्यावे का?

अजिबात देऊ नका. घाटावरच्या कुठल्याही बोटीला लेक पॅलेसला उतरायची परवानगी नाही, त्या फक्त लांबून वळसा घालतात. हा माणूस तुम्हाला एक तर महालाच्या जवळनं फिरवून परत आणणार, नाही तर जग मंदिरावर उतरवून हाच तो म्हणून सांगणार, आणि ज्याला फरक माहीत नाही तो खूश होऊन फोटो टाकणार. आपल्याकडच्या एका ग्रुपच्या बाबतीत हेच झालंय, घरी आल्यावर कळलं. आत जायचा रस्ता एकच, तो वर चौथ्या प्रश्नात सांगितलाय.

६. मग राहणं परवडत नसेल तर बाहेरून नीट बघायचं कुठून?

हे उत्तर जरा मोठं आहे, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खरं तर हेच करावं असं माझं मत आहे. मुक्काम केला नाही म्हणजे महाल बघितला नाही असं काही नाही. आत बसलेल्याला तळं दिसतं आणि समोरचा सिटी पॅलेस दिसतो, पण ज्याच्यासाठी आलो तो महाल त्याला दिसत नाही. तो पूर्ण दिसतो काठावरनंच.

महाल सिटी पॅलेसच्या पश्चिमेला आहे. त्यामुळं सकाळी सिटी पॅलेसच्या बाजूनं बघा, ऊन तुमच्या पाठीमागनं थेट महालावर पडतंय आणि संगमरवर अक्षरशः दुधासारखा दिसतो, जाळ्या, कमानी, वरच्या छत्र्या सगळं वेगळं वेगळं ओळखता येतं. संध्याकाळी त्याच बाजूनं बघितलं तर सूर्य महालाच्या मागं जातो, मग नुसता काळा आकार आणि मागं लाल आभाळ, ते पण सुंदरच, पण बारकावे दिसत नाहीत. बरेचजण फक्त संध्याकाळी जातात आणि फोटोत महाल काळा आला म्हणून नाराज होतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

संध्याकाळी पलीकडच्या काठावर अंबराई घाटावर जाऊन बसा. पायऱ्या आहेत, समोर सिटी पॅलेस दिव्यांनी उजळतो आणि उजवीकडं पाण्यात लेक पॅलेस. जागा मिळायला सूर्यास्ताच्या तासभर आधी जा, गर्दी असते. नंतर गणगौर घाटाजवळच्या बागोर की हवेलीत संध्याकाळी सातचा लोकनृत्याचा कार्यक्रम बघा, डोक्यावर घागरींची उतरंड घेऊन बाई नाचते तेव्हा अख्खं अंगण गप्प होतं. वरनं बघायचं असेल तर दूध तलाईजवळचा रोपवे, करणी माता मंदिरापर्यंत जातो, तिथनं तलावाचा पूर्ण आकार आणि दोन्ही बेटं एका नजरेत येतात.

बोटीचं म्हणाल तर सिटी पॅलेसच्या आवारातल्या रामेश्वर घाटावरची घ्या, ती जग मंदिरावर थांबते. लाल घाट आणि दूध तलाईकडनं पण बोटी सुटतात, पण कुठली कुठं थांबते ते तिकीट काढायच्या आधी विचारा. जग मंदिरावर उतरलात की घाई करू नका. बापाशी, म्हणजे जहांगीर बादशहाशी, बंड करून आलेला शहाजादा खुर्रम तिथं आश्रयाला राहिला होता, तोच पुढं शाहजहान झाला. १८५७ च्या उठावात महाराणा स्वरूपसिंहांनी इंग्रज बायका-पोरांना तिथंच लपवलं होतं.

७. बेळगावहून जायचं कसं?

रेल्वेनं जायचं तर म्हैसूर-उदयपूर हमसफर एक्सप्रेस आहे, आठवड्यातून एकदा, बेळगाव, मिरज, पुणे करत जाते. एकदाच असल्यामुळं तारखा गाडीप्रमाणे ठरवा, गाडी तारखांप्रमाणे मिळणार नाही. नाही जमलं तर मुंबईला जाऊन बांद्रा टर्मिनसहून उदयपूरची गाडी. विमानानं सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, उदयपूरला थेट जायचा विचार सोडा, मुंबई किंवा बेंगळुरूला बदलूनच जावं लागतं. उदयपूरचा विमानतळ डबोकला, शहरापासून बावीसेक किलोमीटर.

गाडी घेऊन जाणाऱ्यांना एक गंमत सांगते. आपण ज्याला पी.बी. रोड म्हणत वाढलो तोच रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे, आणि तोच निपाणी, कोल्हापूर, पुणे, मुंबई, सुरत, अहमदाबाद करत उदयपूरवरनं पुढं दिल्लीला जातो. रस्ता बदलायलाच नको, पण अंतर बाराशे किलोमीटरच्या वर आहे, एका दमात मारू नका, वाटेत एक मुक्काम हवाच. आणि जुन्या उदयपुरात, जगदीश मंदिराच्या आसपास, गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोठी गाडी अडकते, ती बाहेर पार्किंगला लावून रिक्षा करा.

८. कुठल्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते मार्च चांगलं. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी असते आणि पाण्यावरचा वारा लागतो, आपण बेळगावचे म्हणून थंडीची सवय आहे असं समजून स्वेटर घरी ठेवू नका. मला स्वतःला सप्टेंबरचा शेवट आवडतो, पाऊस सरत आलेला, अरवलीचे डोंगर हिरवे, तळं भरलेलं आणि रेट अजून चढलेले नाहीत. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर जातो. शाळेची सुट्टी तेव्हाच असते हे खरं, पण लहान पोरं घेऊन दुपारी दगडी राजवाड्यात फिरणं फार अवघड.

९. तलाव आटतो म्हणतात, खरं का? मग हॉटेलला चालत जातात?

खरं आहे. पिछोला नैसर्गिक तळं नाही. चौदाव्या शतकात धान्याची ने-आण करणाऱ्या एका बंजाऱ्यानं बांध घातला, पुढं महाराणा उदयसिंहांनी १५५९ ला उदयपूर वसवलं तेव्हा तो वाढवून पक्का केला. पाणी येतं ते पावसाचं, मुख्य म्हणजे सिसारमा नदीचं. दोन-तीन वर्षं ओळीनं पाऊस कमी झाला की तळ उघडा पडतो. २००० नंतरच्या दुष्काळात तेच झालं, पाहुण्यांना कोरड्या तळातनं जीपनं हॉटेलला न्यावं लागलं आणि जिथं बोटी फिरायच्या तिथं गुरं चरत होती. २००५ च्या पावसाळ्यात पुन्हा भरला.

म्हणून बुकिंग करायच्या आधी त्या वर्षीचा उदयपूरचा पाऊस बघा. आपण जून-जुलैत बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाची पातळी पेपरात बघतो की नाही, तसंच तिथली माणसं पिछोलाची पातळी बघतात आणि तिथल्या हिंदी पेपरात ती येते. आणखी एक गोष्ट मनापासून सांगते, हा तलाव तिथल्या लोकांचा आहे. बोटीतनं वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या टाकणारे आपलेच पर्यटक बघितले की वाईट वाटतं. पोरांना आधीच सांगून ठेवा.

१०. एका रात्रीला किती जातात? टॅक्स धरून सांगा.

सीझनला पन्नास हजाराच्या वर सहज, सुइटला तर त्याच्या कितीतरी पट, आणि दिवाळी, नाताळ, लग्नसराईत अजून चढतो. ऑफ सीझनला बराच खाली येतो. रेट रोज बदलतो म्हणून ठाम आकडा देत नाही. वेबसाइटवर जो मोठ्या अक्षरात दिसतो त्यात टॅक्स नसतो. साडेसात हजाराच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे साठ हजाराची खोली सत्तर हजार आठशेला पडते. नाश्ता धरलाय का ते बघा. जेवण, स्पा, खास बोटीची फेरी हे सगळं वेगळं. दोन माणसांच्या एका रात्रीचं बजेट काढताना खोलीच्या रेटवर निदान तिसरा हिस्सा वाढवून धरा, म्हणजे बिल बघून तोंडचं पाणी पळणार नाही.

११. सगळे पैसे रोख दिले तर चालतील का?

आपल्याकडं उसाचं बिल, तंबाखूचं बिल आलं की बरेच व्यवहार रोखीत होतात, म्हणून हा प्रश्न निपाणी-चिकोडीकडनं जास्त येतो. दोन लाख किंवा त्याच्या वरची रक्कम एका व्यवहारासाठी रोखीत घ्यायला कायद्यानंच बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, म्हणून हॉटेल घेणारच नाही. त्याच्या आतली मोठी रक्कम रोख द्यायची तर पॅन मागतात. शिवाय बुकिंग करतानाच कार्ड किंवा ट्रान्सफर लागतं. मुलाच्या किंवा पुतण्याच्या कार्डवर बुकिंग केलं असेल आणि तो बरोबर येणार नसेल तर तसं हॉटेलला आधी ईमेल करा, नाही तर चेक-इनला तेच कार्ड दाखवा म्हणतात आणि अडचण होते.

१२. आमची कागदपत्रं कन्नडमध्ये आहेत, चालतील का?

आधारवर कन्नडबरोबर इंग्लिश असतंय, ते चालतं. पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र हे पण. रेशन कार्ड नेऊ नका. पॅनवर पत्ता नसतो म्हणून नुसत्या पॅनवर चेक-इन देत नाहीत. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, नवऱ्याचं आहे म्हणून बायकोचं नको असं नाही, आणि मुलांचंही जवळ असू द्या. आधारवर लग्नाआधीचं नाव आणि बुकिंगवर सासरचं असेल तर बुकिंगच आधारप्रमाणे करा, हे सगळ्यात सोपं.

१३. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, गुडघे दुखतात. बोटीत चढता येईल का?

येईल, पण आधी कळवा. जेट्टीवर बोट दोराला बांधलेली असली तरी हलत असते, पाय टाकायची फळी आणि बोटीचा काठ यांच्यात वरखाली होतंय, वयस्कर माणूस तिथंच बिचकतो. हॉटेलची माणसं दोन्ही बाजूंनी हात धरून उतरवतात, छत्री धरतात, लाइफ जॅकेट देतात, फेरी फक्त काही मिनिटांची. आईंना सांगा नऊवारी असो की पाचवारी, निऱ्या एका हातात धरायच्या, चपला पट्ट्याच्या घालायच्या. महालाच्या दारात पोचलं की वरनं गुलाबाच्या पाकळ्या पडतात, तिथं सगळे मान वर करून बघतात आणि पायरी चुकते, तेवढं सांभाळा.

आतल्या अडचणीचं म्हणाल तर ही जुनी इमारत आहे, मधेच दोन पायऱ्या वर, मधेच तीन खाली असं चालूच असतं. बुकिंग करताना लिहा की कमीत कमी पायऱ्या चढाव्या लागतील अशी खोली द्या, व्हीलचेअर लागणार असेल तर तीही आत्ताच सांगा. आणि सिटी पॅलेसचं म्युझियम हे आई-बाबांसाठी हॉटेलपेक्षा अवघड आहे, अरुंद जिने आणि एकाच दिशेनं जायची वाट, मधनं परत फिरता येत नाही.

१४. सगळ्या खोल्यांतनं तलाव दिसतो का?

नाही हो. काही खोल्या आतल्या चौकाकडं तोंड करून आहेत, लिली पाँडकडं. तो चौक फार देखणा आहे, पाण्यात कमळाची पानं, मधनं दगडी वाटा, आणि तळ्यापेक्षाही तिथं शांत वाटतं, पण तुमच्या मनात खिडकीत बसून लाटा बघायच्या असतील तर बुकिंगवर लेक व्ह्यू असं स्पष्ट लिहिलेलं हवं. तोंडी आश्वासनावर राहू नका.

१५. एकच रात्र परवडते. ती कशी वापरावी?

एकच रात्र घ्यायची तर बाकीचे दोन-तीन मुक्काम शहरात साध्या हॉटेलात करा, सिटी पॅलेस, जगदीश मंदिर, सज्जनगड, सहेलियों की बाडी हे सगळं आधी उरका आणि लेक पॅलेसची रात्र शेवटी ठेवा. चेक-इनच्या वेळेला बरोबर पोचा आणि मग दुसऱ्या दिवशी चेक-आउटपर्यंत बाहेर पडू नका. बरेचजण पैसे भरतात तिथले आणि दिवसभर फिरत राहतात बाजारात, रात्री दमून येऊन झोपतात, सकाळी नाश्ता करून निघतात. मग काय उपयोग?

पहाटे उठा. सूर्य सिटी पॅलेसच्या मागनं वर येतो आणि महालाचं तोंड पूर्वेला का ठेवलं ते तेव्हा कळतं. दुपारी ऊन असताना जुन्या भागातल्या रंगीत काचांच्या खिडक्या बघा, काचेचा लाल-हिरवा रंग फरशीवर पडतो आणि ऊन सरकेल तसा तो भिंतीवर चढत जातो. हॉटेलचा इतिहास सांगत आतनं फिरवून आणतात का ते रिसेप्शनला विचारा आणि मिळालं तर सोडू नका. संगमरवरात रंगीत दगड बसवण्याचं काम जवळनं बघा, बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही.

१६. आम्ही शाकाहारी, सासूबाई जैन, कांदा-लसूण पण नको. जेवणाचं काय?

राजस्थानात ह्याची काळजीच नको. दाल-बाटी-चुरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, सगळं शाकाहारी आणि कांदा-लसणाशिवाय सांगितलं तर करून देतात, जैन जेवण म्हटलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. कंदमुळं पण वर्ज्य असतील तर ते मात्र वेगळं सांगा. चातुर्मासात सूर्यास्ताआधी जेवत असाल तर ती वेळ बुकिंग करतानाच कळवा, कारण रात्रीचं किचन उशिरा सुरू होतं. आपल्याकडच्या जैन मंडळींना ऋषभदेव-केसरियाजी करायचं असतंच, उदयपूरपासून पासष्टेक किलोमीटर, अहमदाबादच्या रस्त्याला. नाथद्वारा आणि एकलिंगजी उत्तरेच्या रस्त्याला, दोन्ही एका दिवसात होतात. एकलिंगजी हे मेवाडचं दैवत, राणे स्वतःला त्यांचे दिवाण म्हणवतात, म्हणून राजवाडा बघितला तर हे देऊळ पण बघावं.

१७. आम्हाला इंग्लिश धड येत नाही, कपडे पण साधेच. तिथं अवघडल्यासारखं होईल का?

हा प्रश्न बायका मला खाजगीत विचारतात आणि प्रत्येकीला मी हेच सांगते की बिनधास्त जा. तिथली माणसं घरात मेवाडी आणि बाहेर हिंदी बोलतात, आपलं बेळगावी हिंदी त्यांना व्यवस्थित कळतं. पाहुणचाराची तिथं जुनी रीत आहे, नमस्कार केला की कमरेत वाकून नमस्कार परत येतो. कपड्यांचं म्हणाल तर काठापदराची साडी नेसलेल्या बाईकडं तिथं आदरानंच बघतात. रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी हाफ पँट आणि स्लीपर तेवढी टाळावी. कुठला काटा कुठल्या हातात ह्याचं टेन्शन घेऊ नका, दाल-बाटी हातानंच खायची असते.

१८. प्री-वेडिंग शूट किंवा ड्रोन चालतं का?

राहणाऱ्यांनी मोबाइलवर फोटो काढायला कुणी हरकत घेत नाही. कॅमेरामन, लाइट, कपड्यांच्या बॅगा घेऊन शूट करायचं तर आधी परवानगी आणि वेगळे पैसे. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका, जप्त होतो. प्री-वेडिंगला अंबराई घाट किंवा गणगौर घाट सकाळी सहा-साडेसहाला घ्या, मागं महाल येतो आणि घाट रिकामा मिळतो.

१९. बेळगावचा कुंदा (आपली दुधाची मिठाई) नेला तर चालेल का?

स्टाफला द्यायला म्हणत असाल तर जरूर न्या, ते खूश होतात. प्रवास दीड-दोन दिवसांचा, म्हणून निघायच्या दिवशीचाच ताजा आणि जास्त भाजलेला घ्या. स्वतःच्या खाण्याचं म्हणाल तर खोलीत चिवडा-लाडू खाल्ले म्हणून कुणी विचारत नाही, रेस्टॉरंटमध्ये मात्र डबा उघडू नका.

२०. नटणीचा चबुतरा म्हणजे काय? बोटवाला दाखवत होता.

तळ्यातला एक छोटा चौथरा. असं सांगतात की महाराणा जवानसिंहांनी एका नटणीला पैज लावली, दोरीवरनं तळं पार केलंस तर अर्धं राज्य देतो. ती निम्म्याहून जास्त आली तेव्हा दरबारातल्या कुणीतरी दोरी कापली आणि ती बुडाली. तिच्या शापानं राण्यांना पोटचा वारस राहिला नाही अशी तिथली समजूत आहे, आणि जवानसिंहांनंतरच्या पिढ्यांत दत्तक घ्यावे लागले हे इतिहासातही दिसतं. त्या एवढ्या मोठ्या महालांच्या मधे तिचीही एक खूण राहिली आहे, बोटवाल्याला सांगून तिथनं हळू न्यायला लावा.

२१. बुकिंग केलं आणि घरात सुतक पडलं, किंवा अचानक काही झालं, तर पैसे परत मिळतात का?

तुम्ही कुठला रेट घेतलाय त्यावर. एकाच खोलीचे दोन रेट दिसतात, स्वस्त असतो तो आगाऊ भरायचा आणि परत न मिळणारा, महाग असतो तो ठरावीक तारखेपर्यंत रद्द करता येणारा. एवढ्या रकमेला मी महागाचाच घ्या म्हणते, विशेषतः घरात कुणी वयस्कर किंवा आजारी असेल तर. परत न मिळणारा घेतला असेल तरी गप्प बसू नका, लगेच फोन करून नंतर ईमेल करा, पैसे मागण्याऐवजी तारीख पुढं ढकलून मागा, ऑफ सीझनची तारीख तुम्हीच सुचवा. बऱ्याचदा ऐकतात, पण तो त्यांचा निर्णय. बुकिंग एखाद्या ॲपवरनं केलं असेल तर हॉटेल म्हणतं ॲपला विचारा आणि ॲप म्हणतं हॉटेलला विचारा, म्हणून एवढ्या मोठ्या मुक्कामाचं बुकिंग थेट हॉटेलकडं करा. रेल्वेचं तिकीट मात्र वेगळं रद्द करावं लागतं, ते गडबडीत सगळे विसरतात.